विलायतेचा उंबरठा : ‘फाउंडेशन’चे वर्ष कोणी घ्यावे?

बारावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरी ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न उभा राहतो. आमच्या हिंगोलीच्या बाजूस ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ वर्षे नांदेड, परभणी, हैदराबाद किंवा फार तर पुणे ह्यांपलीकडे जात नसे. अलीकडे मात्र वसमत, कळमनुरी, सेनगाव अशा तालुक्यांच्या गावीही विलायतेचे नाव निघू लागले आहे आणि त्या नावाबरोबर ‘फाउंडेशन’ हा एक नवा शब्द घरात आला आहे. आमच्याकडे सल्ल्यास येणारे पालक हा शब्द इतक्या खात्रीने उच्चारतात, की जणू काय विलायतेस जावयाचे म्हणजे ह्या वर्षातून गेलेच पाहिजे. वस्तुस्थिती तशी नाही. हे वर्ष कोणास आवश्यक, कोणास निरर्थक आणि कोणास घातक, ह्याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी व खुद्द मुलाने एकत्र बसून करावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहो.

हे वर्ष निघाले कशासाठी?

इंग्लंडातील मूल सोळाव्या वर्षी शाळेची एक सार्वत्रिक परीक्षा देते. त्यानंतरची दोन वर्षे ते बहुधा तीनच विषय घेऊन त्यांचा खोल अभ्यास करते; ह्यास तेथे ‘ए-लेव्हल’ म्हणतात. शाळेची एकंदर वर्षे तेरा होतात. पुढची पदवी तीनच वर्षांची असल्यामुळे ती पहिल्या दिवसापासून विशिष्ट विषयाच्या खोल पाण्यात सुरू होते. आपले मूल बारा वर्षे शिकते, सहा विषय घेते आणि पुष्कळसे पाठांतरावर निभावते. ह्या दोन पद्धतींमध्ये जे अंतर पडते, ते भरून काढण्यासाठी पूर्वतयारीचे एक वर्ष ठेवलेले असते. त्याचेच नाव ‘फाउंडेशन’. त्यात निवडलेल्या शाखेचे दोन-तीन विषय, इंग्रजी लेखन-वाचन, प्रयोगशाळा, आणि स्वतः ग्रंथालयात बसून निबंध सिद्ध करण्याची सवय, एवढ्या गोष्टी शिकवितात. हा अभ्यासक्रम म्हणजे पदवी नव्हे, पदवीचा चौथा हिस्साही नव्हे. तो केवळ उंबरठा होय.

स्कॉटलंडची रीत निराळी आहे. तेथील सन्मान-पदवी चार वर्षांची असते व पहिल्या वर्षी विषयांचा विस्तार अधिक असतो. म्हणून विलायत म्हटली की सर्वत्र एकच नियम, असे समजणे ही पहिली चूक होय.

पूर्वीचे लोक कसे गेले?

असा उंबरठा पूर्वीही होता. मोहनदास गांधी १८८७ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाले होते. तरीही विलायतेत गेल्यावर ते लंडनच्या मॅट्रिकला बसले, पहिल्या खेपेस लॅटिनमध्ये अनुत्तीर्ण झाले आणि पुन्हा बसून १८९० साली उत्तीर्ण झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की बॅरिस्टरीसाठी त्यांस त्या परीक्षेची गरज नव्हती. ज्ञान वाढावे म्हणून त्यांनी ती दिली आणि तिला खर्चही अल्पच होता.

आपला हिंगोलीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्याची शिष्यवृत्ती घेऊन हैदराबादच्या अघोरनाथ चट्टोपाध्यायांची कन्या सरोजिनी १८९५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लंडनच्या किंग्ज कॉलेजात व पुढे केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गेली. इतक्या कोवळ्या वयात मूल परदेशी पाठविण्याचा विचार आपल्या प्रांतास अगदीच अपरिचित नाही, आणि तो मुलांपुरताच होता असेही नाही.

तथापि त्या काळी अधिक लोक इकडची पदवी घेऊनच जात. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसन कॉलेजातून पदवीधर झाल्यावर सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईचे बी. ए. होऊन १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर प्रथम अमेरिकेत गेले. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले; पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांस अर्धा अभ्यास टाकून परत यावे लागले. पैसा जमवून ते १९२० साली पुन्हा गेले व १९२३ साली डी. एस्‌सी. झाले. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या पुरुषासही पैशाची मुदत संपताच बोट धरावी लागली, ही गोष्ट प्रत्येक पालकाने मनात धरून ठेवावी. बुद्धीचा हिशेब जितका नीट करावयाचा, तितकाच पैशाचाही शेवटच्या वर्षापर्यंत करावयाचा.

चार प्रश्न

आमच्या संस्कृत शास्त्रग्रंथांत विषयप्रवेश करण्यापूर्वी चार गोष्टी सांगण्याची चाल आहे : हा ग्रंथ कोणासाठी, ह्यात काय आहे, ग्रंथाचा व साध्याचा संबंध काय आणि ह्यापासून मिळावयाचे काय. अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन ह्या चौकडीस अनुबंधचतुष्टय म्हणतात. फाउंडेशनची निवड करताना ह्याहून चांगले चार प्रश्न आम्हांस सुचत नाहीत.

१. अधिकारी. पहिला प्रश्न असा, की आपल्या मुलास हे वर्ष मुळात हवे आहे काय? ब्रिटनमधील पुष्कळ विद्यापीठे भारतीय बारावीच्या गुणांवर थेट पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश देतात. केंद्रीय मंडळाच्या बारावीस बहुतेक ठिकाणी मान्यता आहे. राज्य मंडळांच्या बाबतीत मात्र प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा. कोणी तीच बारावी अधिक गुण मागून स्वीकारतात, कोणी फाउंडेशन मागतात. आमच्या जिल्ह्यातील बहुतेक मुले महाराष्ट्र राज्य मंडळाची असल्यामुळे हा भेद आपणांस विशेष महत्त्वाचा आहे.

वसमत तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. घरचा नातू बारावी विज्ञान. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार. तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे ते यंत्र आपल्या जिल्ह्यात उभे राहावयाचे, ह्या वार्तेने मुलाच्या डोक्यात पदार्थविज्ञान भरले. ग्लासगो आणि कार्डिफ येथील विद्यापीठांत ह्या शास्त्राचे मोठे काम चालते, हे त्याने स्वतःच शोधून काढले. शहरातील एका दलालाने घरी येऊन सांगितले, की राज्य मंडळाच्या मुलास फाउंडेशनवाचून गत्यंतर नाही, आणि आठ दिवसांत अनामत भरल्यास जागा पक्की.

घरात हळदीचा पैसा नुकताच आला होता. वडील व काका तयार झाले. तेव्हा माजघराच्या दारातून आजींनी विचारले, “अहो साहेब, पोरगं तिथं नापास झालं, तर हा पैसा कोणाचा आणि ते वर्ष कोणाचं?” त्या गृहस्थास उत्तर देता आले नाही.

नंतर मुलाने आपले गुणपत्रक जोडून तीन विद्यापीठांच्या प्रवेश-कार्यालयांस स्वतः पत्रे धाडली. एकाने फाउंडेशन हवेच असे कळविले. दुसऱ्याने बारावीचे गुण आणि इंग्रजीची परीक्षा एवढ्यावर थेट पदवीस घेण्याची तयारी दाखविली. तिसऱ्याकडून मजकूर लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. दलालाने सांगितलेले ‘गत्यंतर नाही’ हे वाक्य एका पत्राने खोटे ठरले. दलालास पुष्कळदा शिक्षणसंस्थेकडून मोबदला मिळत असतो. त्याचे म्हणणे ऐकावे, पण निर्णयाचा आधार विद्यापीठाचे लेखी उत्तर हाच असावा.

मग हे वर्ष खरोखर कोणासाठी? ज्याची बारावी इष्ट विद्यापीठ स्वीकारीत नाही त्यासाठी. ज्याचे गुण थोडक्यात उणे पडले त्यासाठी. ज्यास शाखा बदलावयाची आहे त्यासाठी. आणि ज्याचा विषयाचा पाया पक्का असूनही इंग्रजी लेखन कच्चे आहे, अशा मराठी माध्यमाच्या हुशार मुलासाठी. चित्रकला व आरेखन ह्या विषयांत तर खुद्द ब्रिटिश मुलेही एक पूर्वतयारीचे वर्ष करतात; तेथे त्यात कमीपणा मुळीच नाही. ज्याचे गुण थेट प्रवेशाइतके आहेत, त्याने मात्र केवळ ‘सोपे जाते’ म्हणून एक वर्ष व एक वर्षाचा पैसा देऊ नये.

२. विषय. फाउंडेशनमध्ये शाखा असतात : विज्ञान व अभियांत्रिकी, व्यापार, समाजशास्त्रे, कला इत्यादी. जी शाखा घ्यावी, त्याच शाखेच्या पदव्यांचे दार पुढे उघडते. व्यापाराच्या शाखेत बसून मागाहून पदार्थविज्ञान म्हणता येत नाही. म्हणून आधी पदवी ठरवावी व मग तिच्या मागे येत शाखा ठरवावी. वैद्यकीच्या आशेने फाउंडेशन घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. तेथील वैद्यकीय पदवीचे दार ह्या मार्गाने फार थोड्या ठिकाणी उघडते. ऑक्सफर्ड व केंब्रिज हीही विद्यापीठे बहुतेक फाउंडेशन अभ्यासक्रमांस आपल्या प्रवेशासाठी पुरेसे मानीत नाहीत.

३. संबंध. चौघांत हा प्रश्न सर्वांत कळीचा, आणि घरोघरी हाच विचारावयाचा राहून जातो. फाउंडेशनचा व पुढील पदवीचा संबंध तीन प्रकारचा असू शकतो. पहिला प्रकार, विद्यापीठाचेच शून्य वर्ष, म्हणजे एकूण चार वर्षांची एकसंध पदवी. दुसरा प्रकार, विद्यापीठाच्या आवारात किंवा त्याच्या नावाशी जोडून एखाद्या खाजगी कंपनीने चालविलेले कॉलेज. ग्लासगो इंटरनॅशनल कॉलेज हे कॅप्लन ह्या कंपनीने ग्लासगो विद्यापीठाच्या सहकार्याने चालविलेले असे कॉलेज आहे. तिसरा प्रकार, अनेक विद्यापीठे स्वीकारतात असे स्वतंत्र प्रमाणपत्र. उत्तर इंग्लंडातील विद्यापीठांनी १९८७ साली स्थापिलेली ‘एन्‌सीयूके’ ही संस्था ह्या प्रकारात मोडते.

तिन्हींत चांगले अभ्यासक्रम आहेत. कोणताही प्रकार स्वतः वाईट नव्हे. पण शिकविणारा कोण, प्रमाणपत्र कोणाचे आणि ते अन्यत्र चालते की नाही, ह्याची उत्तरे तिन्हींत निरनिराळी येतात. माहितीपत्रकात ‘पुढील प्रवेशाची हमी’ असे शब्द असतात. ती हमी बहुतेक सशर्त असते. ठराविक गुण मिळाले तर, इंग्रजीत ठराविक श्रेणी आली तर, अमुक पदवीस, असे तिचे स्वरूप असते. कोणत्या पदवीस किती गुण, हे विषयवार लेखी मागावे. ते न मिळाल्यास मुलास पुन्हा परीक्षा देता येते काय, दुसऱ्या विद्यापीठात अर्ज करता येतो काय, हे विचारावे. आजींचा प्रश्न तो हाच.

संस्था ब्रिटिश सरकारच्या परवानाधारक पुरस्कर्त्यांच्या सूचीत आहे की नाही, हेही पाहावे. ही सूची सरकारच्या संकेतस्थळावर कोणासही विनाशुल्क पाहता येते. त्या सूचीत नसलेली संस्था विद्यार्थी-व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे पत्र देऊच शकत नाही.

४. प्रयोजन. मुलास मिळवावयाचे काय? ब्रिटिश पदवी, एखादे विशिष्ट शास्त्र, तेथील नोकरी, की केवळ गावातून बाहेर पडणे? शेवटचे उत्तर असल्यास ते पुणे-बंगळुरासही मिळते. नोकरीचा विचार असेल तर हे ध्यानात ठेवावे, की फाउंडेशनच्या प्रमाणपत्रावर तेथे राहून नोकरी शोधण्याची मुभा मिळत नाही. ती पदवीनंतर मिळते. ती मुदत पदवीधरांस दोन वर्षांची आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांस ती अठरा महिन्यांची राहील, असे ब्रिटिश सरकारने ठरविले आहे. आज फाउंडेशनला बसणारा मुलगा चार वर्षांनी पदवीधर व्हावयाचा, म्हणजे त्याने अठरा महिनेच धरून चालावे.

शिष्यवृत्तीचीही गोष्ट येथेच सांगतो. चेवनिंगसारखी ब्रिटिश शिष्यवृत्ती किंवा महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ह्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत, फाउंडेशनसाठी नाहीत. तेथील पदव्युत्तर अभ्यास बहुधा एकाच वर्षाचा असतो. तेव्हा इकडे नांदेड किंवा पुण्यास चांगली पदवी घेऊन मग एका वर्षासाठी जाणे, हा परांजप्यांच्या काळचा मार्ग आजही बंद झालेला नाही. पदार्थविज्ञानाच्या मुलास पुण्यात आयसर आहे, आयुका आहे. लायगो-इंडियाच्या कामात आयुका स्वतः सहभागी आहे.

पैशाचा हिशेब

आता आकडे पाहू. परदेशी विद्यार्थ्यास फाउंडेशनचे शुल्क अनेक ठिकाणी २०,००० पौंडांच्या वर जाते. व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे बाकी शुल्क व नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च खात्यात दाखवावा लागतो. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये दरमहा १,५२९ व लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो. लंडनबाहेर नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड झाले. आरोग्य-अधिभार विद्यार्थ्यास वर्षाकाठी ७७६ पौंड. शुल्क २०,००० धरले तरी बेरीज ३१,३१५ पौंड होते. पौंडाचा भाव सोयीसाठी १२० रुपये धरल्यास ही रक्कम सुमारे साडेसदतीस लाख रुपये होते. ह्यात विमानभाडे नाही, व्हिसाचे शुल्क नाही, आणि पुढची तीन वर्षे तर मुळीच नाहीत. स्वतंत्र फाउंडेशन संपल्यावर पदवीसाठी पुन्हा व्हिसाचा अर्ज, पुन्हा शुल्क व पुन्हा अधिभार येतो, हेही मिळवावे. आकडे व भाव बदलत असतात. अर्जाच्या वेळी ते पुन्हा पाहावेत.

‘मुलगा तेथे काम करून भागवील’ असे काका लोक सहज म्हणून जातात. पदवीखालच्या स्वतंत्र अभ्यासक्रमास बसलेल्या विद्यार्थ्यास सत्र चालू असता आठवड्यास दहाच तास काम करता येते. पदवीच्या विद्यार्थ्यास वीस. दहा तासांच्या मजुरीत शुल्क भागत नाही.

एकत्र कुटुंबास एक नियम विशेष नडतो. हा पैसा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, किंवा आईवडिलांच्या अथवा कायदेशीर पालकाच्या खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो. आजोबांच्या निवृत्तिवेतनाचे खाते, काकांची ठेव, आत्याने दिलेला शब्द, ह्यांस आपल्या घरात कितीही मोल असले तरी व्हिसाच्या कचेरीत ते नाही. आपल्याकडे कुटुंब म्हणजे चार भाऊ. तेथील नियमात कुटुंब म्हणजे आईबाप. म्हणून काकांस मदत करावयाची असेल, तर त्यांनी ती आगाऊ, रीतसर कागद करून, मुलाच्या किंवा त्याच्या वडिलांच्या खात्यात द्यावी, आणि ती देणगी की उसनवार हेही त्याच कागदावर लिहावे. पुढे भावाभावांत ह्यावरून मन दुखावण्यापेक्षा आजची थोडी संकोचाची घडी बरी. आईवडिलांचे खाते दाखविताना नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला व त्यांचे संमतिपत्र लागते. मूल अठरा वर्षांखालील असल्यास प्रवासास व तेथील राहण्याच्या व्यवस्थेसही आईवडिलांची लेखी संमती लागते. बँकेचे शैक्षणिक कर्जही पुरावा म्हणून चालते, परंतु त्यास शेत तारण ठेवताना सर्व सहहिस्सेदारांनी हा लेख नव्हे, तर कर्जाचा करार वाचावा.

इंग्रजीविषयी दोन शब्द. व्हिसासाठी पदवीस ‘बी-२’ व पदवीखालच्या अभ्यासक्रमास ‘बी-१’ ही पातळी पुरते. म्हणून फाउंडेशनचे दार सोपे वाटते. पण आत शिरल्यावर वर्षभरात मुलास पदवीच्या पातळीवर चढावयाचे असते. जाण्यापूर्वीचे चार महिने रोज एक इंग्रजी लेख वाचून त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय घरीच लावता येते, आणि तिला एक पैसाही पडत नाही.

निर्णय कसा करावा?

घरच्या बैठकीपूर्वी मुलाने किंवा मुलीने स्वतः विद्यापीठास पत्र लिहून पाच उत्तरे आणावीत : माझ्या बारावीवर थेट प्रवेश मिळतो काय, न मिळाल्यास आपण कोणते फाउंडेशन स्वीकारता, माझ्या पदवीस त्यात किती गुण हवेत, ते न मिळाल्यास माझे पुढे काय, आणि चारही वर्षांचे शुल्क किती व दरवर्षी ते वाढते काय. ही पत्रे आईवडिलांनी किंवा दलालाने लिहू नयेत. जे मूल अशी पाच पत्रे लिहून उत्तरांचा पाठपुरावा करू शकत नाही, ते परक्या देशात एकटे राहण्यास अद्याप सिद्ध झालेले नाही, असे खुशाल समजावे.

उत्तरे आली म्हणजे ती सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावीत. घरातील स्त्रियांस त्या बैठकीत बसवावे. केवळ चहा देण्यास बोलावू नये. आणि ‘वर्ष फुकट गेले तर’ हा प्रश्न अपशकुन म्हणून झटकू नये. त्याचे उत्तर घराजवळ तयार असेल, म्हणजे मूल परत आले तरी घर मोडणार नाही व मुलाच्या मनावर कर्जाचा डाग राहणार नाही, तर त्यास आनंदाने पाठवावे. ते उत्तर नसेल, तर तीन वर्षे थांबून इकडची पदवी घेतल्यावर पाठवावे. विद्यापीठे तीन वर्षांत कोठे जात नाहीत, आणि शिष्यवृत्त्यांची दारे तर तेव्हाच उघडतात.

वसमतच्या त्या घरात अजून निर्णय झालेला नाही. तिसऱ्या विद्यापीठाचे पत्र आल्यावाचून अनामत भरावयाची नाही, एवढे मात्र सर्वांनी मिळून ठरविले आहे. हळदीचा पैसा तूर्त वडिलांच्या खात्यात आहे आणि मुलगा रोज इंग्रजी सारांश लिहीत आहे. आमच्या मते ही सुरुवात योग्य झाली.